पट्टे नंतर, आधी उलाळ बघा

अमेरिकेतल्या देसी मंडळींचं स्थलांतर बघायचं असेल तर मे-जूनमधल्या कुठल्याही महिनाअखेरच्या शनिवारी एखाद्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभं राहावं. लीज संपलेलं असतं, नवी नोकरी दोन राज्यं पलीकडे असते, आणि आयुष्यात सॅन्ट्रोच्या वर काही न चालवलेला आपला इंजिनियर वीस फुटी भाड्याचा ट्रक घेऊन येतो. ट्रकच्या मागे ट्रेलर. ट्रेलरवर चढवायची घरची कॅमरी. मदतीला चार मित्र, आणि चौघांचीही मतं ठाम. (मतं नसलेला देसी इंजिनियर मी अजून पाहिलेला नाही.)

या चर्चेत नव्वद टक्के वेळ एकाच गोष्टीवर जातो, तो म्हणजे पट्टे. पट्टा घट्ट आहे ना? रॅचेट अजून एक दात सरकतंय का बघ. वरून एक दोरी पण मारूया का, इंडियन स्टोअरमधून आणलीय. मग कोणीतरी गाडीला हाताने हलवून बघतो, गाडी हलत नाही, आणि सगळे समाधानाने पिझ्झा खायला जातात.

माझं म्हणणं असं आहे की पट्टा हा या प्रकरणातला दुय्यम कलाकार आहे. ट्रेलरवरची गाडी सुखरूप पोचणार की नाही याचा मोठा भाग पट्ट्याला हात लावायच्या आधीच ठरलेला असतो, आणि तो ठरतो गाडी ट्रेलरवर नेमकी कुठे आणि कुठल्या तोंडाने उभी आहे यावर. पण ते दिसत नाही आणि पट्टा दिसतो. म्हणून ट्रेलर देणारे आणि घेणारे दोघेही पट्ट्याबद्दल बोलतात.

थोडं सविस्तर सांगतो.

ट्रेलर ट्रकला जोडला जातो तो एका गोळ्यावर, त्याला हिचचा बॉल म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या दांडीने, म्हणजे टंगने, त्या बॉलवर काही वजन टाकायला हवं. अमेरिकेत यासाठीचा आकडा सर्वमान्य आहे: गाडीसकट ट्रेलरचं जे एकूण वजन, त्याच्या १० ते १५ टक्के. म्हणजे एकूण २,५०० किलो असेल तर २५० ते ३७५ किलो बॉलवर. यापेक्षा जास्त झालं तर ओढणाऱ्या गाडीचं बूड खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. कमी झालं तर ट्रेलर शेपूट हलवतो.

हे शेपूट हलवणं वरवर मजेशीर वाटतं, पण आहे भयंकर. झोपाळ्याचं उदाहरण घ्या. एक धक्का दिला की झोपाळा हलतो आणि हळूहळू आपोआप थांबतो. नीट लादलेला ट्रेलरही तसाच. शेजारून अठराचाकी ट्रक गेला, वाऱ्याचा झोत बसला, ट्रेलर जरासा डावी-उजवीकडे डुलतो आणि शांत होतो. पण जसा वेग वाढतो तसं हे शांत होणं कमी कमी होत जातं, आणि एका ठरावीक वेगाच्या पुढे ते उलटं होतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आपल्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक. चार-पाच झोक्यांत ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाच फिरवून टाकतो. ट्रेलरमध्ये वजन जितकं मागे, तितका हा घातक वेग खाली येतो.

इथेच खरी मेख आहे. समजा वजन मागे गेल्यामुळे तुमच्या ट्रेलरचा तो वेग ताशी ५८ मैलांवर आला. मग तुम्ही पार्किंग लॉटमध्ये दहाच्या वेगाने दोन चकरा मारा, गावातल्या रस्त्यावर पस्तीसने जा, काहीही कळणार नाही. ट्रेलर गरीब गाईसारखा मागून येईल. हायवेवर उतारावर साठ ओलांडले की मग. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर आडवा, हा प्रकार आपल्या धंद्यात नवीन नाही. फरक एवढाच की तिथे रोलबॅक करता येतं.

२०१६ च्या जूनमध्ये आमचे एक मित्रवर्य कोलंबसहून शार्लटला निघाले होते. ओहायो ते नॉर्थ कॅरोलायना, मधे वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर. ट्रेलर देणाऱ्या दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत पट्टे कसे टाकायचे ते दाखवलं, सही घेतली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याची चूक नव्हती, मागे रांग होती. घरी आल्यावर मित्रवर्यांनी एक आयडिया काढली: गाडी उलटी चढवू, म्हणजे तोंड मागे. शार्लटला पोचल्यावर रात्र होईल, दमलेले असू, तेव्हा रिव्हर्सची कटकट नको, सरळ ड्राइव्हमध्ये टाकून उतरवता येईल. ऐकायला अगदी शहाणपणाची वाटणारी कल्पना. दोघांनी मानाही डोलावल्या.

मित्राचे वडील तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. सांगली जिल्ह्यातले शेतकरी. इतका वेळ खुर्ची टाकून हा सगळा तमाशा बघत होते. ते एकदम म्हणाले, "आरं, इंजान कुठं असतंय हिचं?"

"पुढं."

"मग त्वांड मागं केलंस तर समदं वजन मागं गेलं की. गाडी उलाळ व्हईल."

उलाळ! हा शब्द मी लहानपणी आजोळी ऐकला होता, त्यानंतर थेट ओहायोत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बैलगाडीत मागे जास्त वजन झालं की गाडी मागे कलते, पुढची धुरी वर उचलली जाते, जू बैलांच्या खांद्यावरून उठतं आणि गळ्यातल्या पट्ट्यांनी बैलांना फास बसायला लागतो. त्याला गाडी उलाळ होणं म्हणतात. उलट पुढे फार जड झालं तर बैलांचे खांदे सुजतात. म्हणून गाडीवान माल भरताना मधेमधे धुरी हाताने उचलून अंदाज घेतो, आणि निघाल्यावर गरज पडेल तसा स्वतः पुढे-मागे सरकून बसतो. हिचवरच्या १० ते १५ टक्क्यांचं हे गणित ज्याला अमेरिकेत माहितीपत्रक छापून समजवावं लागतं, ते या माणसाच्या तळहातात होतं.

मी ऑफिसच्या सवयीने तिथल्या तिथे पिझ्झाच्या खोक्यावर आकडेमोड केली. तुम्हीही करून बघा. (आकडे मी सोयीसाठी गोल केलेत आणि मुद्दाम किलोत ठेवलेत. पौंडात विचार करायला मी अजून शिकलेलो नाही.) गाडी १,५०० किलो, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.७५ मीटर. पुढे इंजिन आणि पुढच्याच चाकांना ताकद असलेल्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून १.१ मीटर मागे. आता चाकं ट्रेलरवर त्याच जागी ठेवून गाडी फक्त उलटी केली, तर गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर मागे सरकला. बॉल ते ट्रेलरच्या चाकांचा मध्य हे अंतर ४ मीटर धरा. १,५०० गुणिले ०.५५ भागिले ४, बॉलवरून साधारण २०६ किलो कमी झाले. रिकामा ट्रेलर एक टनाचा धरला तर एकूण २,५०० किलो, आणि गाडी सुलटी असताना बॉलवर ३०० किलो असतील तर ते झाले १२ टक्के, छान. उलटी केल्यावर उरले ९४. चार टक्केसुद्धा नाहीत.

पट्टे दोन्ही वेळा सारखेच घट्ट! हाताने हलवून बघितलं तर दोन्ही वेळा गाडी हलणार नाही.

गाडी अर्थातच सुलटी चढली. काका परत खुर्चीत जाऊन बसले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, सूचनांमध्ये सरळ लिहिलेलं असतं की गाडी तोंड पुढे करून चढवा. असतं. पण कारण न सांगता दिलेला नियम माणूस सोयीने वाकवतो, आणि दुसरं म्हणजे तो नियम जिथे संपतो तिथे माणूस उघडा पडतो. सगळ्यात नेहमीचा प्रकार सांगतो. ट्रक भरून झाला की उरलेलं सामान कुठे जातं? गाडीच्या डिकीत. तांदळाची पोती, प्रेशर कुकर, पाटा-वरवंटा (हो, एकीने आणलाय), पुस्तकांची खोकी. तोंड पुढेच आहे, नियम पाळलाय. पण डिकी असते ट्रेलरच्या चाकांच्याही मागे. तिथे १५० किलो भरले तर वरच्याच हिशोबाने बॉलवरचे साठ-पासष्ट किलो गेले. शिवाय टोकाला ठेवलेलं वजन झोका मोठा करतं ते वेगळंच. तीच खोकी ट्रकच्या पुढच्या भागात गेली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

किंवा जुनी बीटल घ्या. तिचं इंजिन शेपटीत. तिथे "तोंड पुढे" या नियमामागचं कारण नेमकं उलटं लागू होतं, मग ती ट्रेलरवर पुढे कितपत घ्यायची याचा वेगळा विचार करावा लागतो. आणि आताच्या इलेक्ट्रिक गाड्या? बॅटरी तळाशी पसरलेली, वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान, आणि एकूण वजन कॅमरीपेक्षा सहज तीन-चारशे किलो जास्त. "इंजिन पुढे" हे पाठ केलेल्या माणसाला इथे काहीच सुचणार नाही. "उलाळ होता कामा नये" हे कळलेल्याला सुचेल.

असो. पट्ट्यांना दुय्यम म्हटलं म्हणजे टाकाऊ म्हटलं नाही. त्यांच्याबद्दलही लोक घट्टपणा सोडून दुसरं काही विचारत नाहीत, म्हणून थोडं.

पट्टा गाडीच्या कुठल्या भागाला घालायचा हा खरा प्रश्न आहे. बॉडीला किंवा चॅसीला हुक लावून खाली खेचलं की गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर दबते आणि पट्टा ताठ दिसतो. रस्त्यात खड्डा आला की स्प्रिंग आणखी दबते, पट्टा क्षणभर सैल होतो, आणि त्या क्षणात हुक निसटू शकतो. चाकावरून टाकलेल्या पट्ट्याला ही भानगड नाही. चाक ट्रेलरला बांधलेलं, वर गाडीने स्वतःच्या स्प्रिंगांवर हवं तेवढं नाचावं, पट्ट्याचा ताण तसाच राहतो. भाड्याच्या ट्रेलरांवर टायरवरून जाणारे पट्टे असतात ते यासाठी. बॉडीला खेचून बांधायचंच असेल तर उत्पादकाने त्यासाठी दिलेल्या जागा सोडून दुसरीकडे नको; बंपरला तर मुळीच नको.

किती ताकदीचा पट्टा? अमेरिकेतल्या व्यावसायिक वाहनांसाठीच्या केंद्रीय नियमांत बांधलेल्या मालाने किती धक्का सोसावा हे दिलेलं आहे: ब्रेक लागल्यावर पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूंना ०.५ पट. १,५०० किलोच्या गाडीसाठी पुढच्या दिशेने हा भार झाला १,२०० किलो. हँडब्रेक आणि पी गिअर एवढ्या भरवशावर हे सोडता येत नाही, पण ते दोन्ही लावायचेच. त्याच नियमांत कारसारखं वाहन पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधा असं स्पष्ट आहे. तुमचा घरगुती मूव्ह व्यावसायिक नसेल, पण ब्रेक दाबल्यावर गाडीला ते माहीत नसतं. पट्ट्यावर दोन आकडे छापलेले असतात, तुटण्याची ताकद आणि कामाची ताकद. कामाची साधारण एक तृतीयांश असते, आणि तीच बघायची. दुकानातल्या पाकिटावर मोठ्या अक्षरात अर्थातच दुसरी असते. इंडियन स्टोअरच्या नायलॉनच्या दोरीवर कुठलाच आकडा नसतो, कारण ती कपडे वाळत घालायला आहे.

आणि आवळून झालं की काम संपत नाही. पाच-दहा मैलांवर थांबून पुन्हा बघायचं. टायर जागेवर बसतात, पट्टा थोडा सैल होतोच. धारदार कडेवरून जाणारा पट्टा कापला जातो, पीळ पडलेला पट्टा कमी भार घेतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून मला याची तेवढी काळजी वाटत नाही.

न दिसणाऱ्यांत आणखी एक: बॉलचा आकार. अमेरिकेत तीन माप सर्रास सापडतात, पावणेदोनच्या जरा वरचा म्हणजे १ ७/८ इंची, २ इंची आणि २ ५/१६ इंची. मोठ्या मापाचा कपलर लहान बॉलवर बसतो, लॅच लागतं, सगळं बरोबर वाटतं, आणि पहिल्या मोठ्या उसळीला ट्रेलर सुटतो. आकडा बॉलवर कोरलेला असतो, कपलरवर असतो. दोन्ही वाचायला दहा सेकंद लागतात. सेफ्टी चेन टंगच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर टंग रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते.

ट्रेलर डुलायला लागलाच तर काय, हेही त्या दोन मिनिटांत कोणी सांगत नाही. माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते ब्रेक मारणं आणि उलट दिशेने स्टिअरिंग फिरवणं. दोन्हींनी झोका वाढतो, कारण आपली प्रतिक्रिया नेहमी अर्ध्या झोक्याने उशिरा पोचते. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलरला वेगळे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ते हाताने हलके लावायचे, त्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. भाड्याच्या कार ट्रेलरांना मात्र बहुधा सर्ज ब्रेक असतात. ते ट्रेलरने पुढच्या गाडीला ढकललं की लागतात, आपल्या हातात नसतात. व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलायनात उतरताना आय-७७ वर फॅन्सी गॅपचा उतार आहे, कित्येक मैल लांब, वर वारा. तिथे वेग आधीच कमी करून उतरायला लागणं एवढंच आपल्या हातात.

मग परीक्षा घ्यावी का? ब्रिटनमध्ये १९९७ नंतर कारचं लायसन्स मिळालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. ट्रकचालकांच्या तुटवड्यात परीक्षक मोकळे व्हावेत म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये ती काढून टाकली, आता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर थेट ओढता येतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत आपल्यासारख्यांना अशी परीक्षा कधी नव्हतीच. मी परीक्षेच्या बाजूने नाही. परीक्षेसाठी लोक क्लास लावतील आणि पाठ करतील, आपल्याला ते नीट माहीत आहे. मला जर्मनीतला मधला मार्ग आवडतो. तिथे मध्यम वजनाच्या जोडीसाठी परीक्षा नाही, पण किमान सात तासांचं प्रशिक्षण आहे. सात तास भाड्याच्या दुकानात कोण देणार म्हणाल तर पाच मिनिटं द्या. एक खेळण्यातली गाडी, मागे ट्रेलर, खाली ट्रेडमिलसारखा फिरता पट्टा, आणि एक वजन जे पुढे-मागे सरकवता येतं. असं प्रात्यक्षिक व्हिडिओवर कित्येक वर्षं उपलब्ध आहे. वजन पुढे असताना बोटाने ढकललं की ट्रेलर सरळ होतो. मागे नेऊन ढकललं की काही सेकंदांत सगळं आडवं. पट्ट्यांच्या स्टिकरशेजारी सही करण्याआधी हे एकदा दाखवलं तर कुठलाही मित्रवर्य डिकीत पाटा-वरवंटा ठेवणार नाही.

या उन्हाळ्यात ज्यांचा मूव्ह आहे त्यांच्यासाठी मोजायची पद्धत. गाडी ट्रेलरवर चढवायची ती ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच. नाहीतर गाडी रॅम्पवर असताना टंग वर उडते, साक्षात उलाळ. गाडी चढवून पट्टे लावून झाले की सपाट जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि टंग बॉलवरून सोडवा. एक भक्कम चार इंची लाकडी वासा घ्या. त्याचं एक टोक विटेवर, दुसरं बाथरूमच्या वजनकाट्यावर, दोन्ही टेकू सारख्या उंचीचे आणि एकमेकांपासून बरोबर तीन फूट अंतरावर. टंगच्या जॅकचा पाय विटेच्या बाजूने एक फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्यातून वाशाचं निम्मं वजन वजा करा आणि उरलेल्याला तीनने गुणा. तीनशे किलो असतील तर काट्यावर शंभरच येतात, त्यामुळे काटा मोडत नाही. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, आमच्या मित्राच्या बायकोने तो काटा नंतर बरेच दिवस बाथरूममध्ये परत येऊ दिला नव्हता.